छत्तीस गुण, दहा गुण

आज जरा चिडून लिहितेय. आधीच सांगते म्हणजे ज्यांना माझी लोणची-पापड-पाऊसवाली पोस्ट्स आवडतात त्यांनी इथूनच मागे फिरावं. नातेवाइकांनी मात्र फिरू नये, कारण हे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. नाव कोणाचंच घेत नाही. ज्याचं त्याला बरोबर कळेल.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. "दुसरा कोणीतरी मिळेल की त्यांना!"

हे वाक्य गेल्या दहा दिवसांत मी चार वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. चारही माणसं चांगली आहेत. त्यातली दोन दर वर्षी गणपतीत रक्तदान करतात, एक तर वारीत पाणीवाटपाला जाते. दुष्ट माणसाने हे म्हटलं असतं तर पोस्ट लिहायची गरजच नव्हती. चांगली माणसं म्हणतात म्हणून लिहायला लागतंय.

झालंय असं, की आपल्या घरातल्या एका पंचविशीतल्या मुलाला (त्याला विचारूनच लिहितेय) बोन मॅरो दात्यांच्या नोंदणी संस्थेतून फोन आला. कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिरात त्याने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली होती आणि फॉर्मवर सही केली होती. आता कोणा अनोळखी पेशंटशी त्याचं जुळतंय असं दिसतंय, तर पुढच्या तपासणीला रक्त द्यायला येशील का, असा फोन. पोरगा हो म्हणाला. आणि मग त्याने घरी सांगितलं. पुढचं काय सांगू... त्या रात्री आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवढे वैद्यकीय तज्ज्ञ निघाले तेवढे ससूनमध्येही नसतील.

आता हे "जुळतंय" म्हणजे काय ते आधी बघू. आपल्याकडे जुळणं म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पत्रिका आणि रक्तगट. (आणि "एकनाड म्हणजे रक्तगट एक" असं सांगून या दोन्हींची भेळ करणारे गुरुजीही आपल्याकडे आहेत. असो.) हे तिसरंच प्रकरण आहे. आपल्या सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर जनुकांचा एक झुबका असतो, त्याला एचएलए म्हणतात. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर या जनुकांनी बनवलेल्या पाट्या लावलेल्या असतात आणि पांढऱ्या पेशी गस्त घालताना त्या पाट्या वाचतात. आपली पाटी असेल तर पुढे चला, परकी असेल तर मारा. १९५८ मध्ये पॅरिसच्या ज्याँ दॉसे यांना यातली पहिली पाटी सापडली. अनेकदा रक्त दिलेल्या पेशंटांच्या रक्तद्रवात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात असं त्यांच्या लक्षात आलं, तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली. त्याबद्दल १९८० मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं.

किडनीच्या वेळीही हे बघतात, पण तिथे औषधांच्या जोरावर बरंच निभावतं. बोन मॅरोचं तसं नाही. तिथे आपण पेशंटला नुसता एक अवयव देत नाही, अख्खं पोलीस खातंच बदलून देतो. नवीन पोलिसांना सगळं शरीरच परकं वाटलं तर ते कातडी, यकृत, आतडी यांच्यावर तुटून पडतात. म्हणून ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ अशी पाच जनुकं बघायची, प्रत्येकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून, म्हणजे एकूण दहा. दहापैकी दहा जुळले तर उत्तम, नऊ असतील तर डॉक्टर विचार करतात. छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तरी आपण बस्ता बांधायला निघतो, इथे दहातला एक कमी पडला तरी कपाळाला आठी.

आणि रक्तगट? ऐका, कारण या मुद्द्यावर एका काकांनी मला तासभर घेतलं होतं. रक्तगट जुळावा लागत नाही! जुळला तर सोय, इतकंच. ए गटाच्या पेशंटला ओ गटाच्या दात्याच्या पेशी दिल्या आणि त्या नीट रुजल्या, तर काही महिन्यांनी पेशंटचा रक्तगटच ओ होतो. तेव्हा "त्याचा गट किती कॉमन आहे, कोणीही मिळेल" हा मुद्दा बाद.

आता "कोणीही"चा हिशोब. एचएलएच्या या सगळ्या जनुकांचे मिळून ४० हजारांहून जास्त प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. त्यातले तुमचे दहा कोणते, आणि नेमके तेच दहा जगात आणखी कोणाकडे, हा प्रश्न आहे. सख्ख्या भावंडांत सोपं असतं, कारण तो झुबका बहुतेक वेळा आख्खाच वारशाने येतो. आईकडच्या दोन झुबक्यांतला एक, बापाकडच्या दोनांतला एक. म्हणजे कुठलंही एक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईबाप स्वतः अर्धेच जुळतात, त्यांनी कितीही नवस बोलले तरी.

आमच्या आजोबांना सात भावंडं होती. सातांतलं निदान एक जुळण्याची शक्यता निघते ८७ टक्के. मला एक भाऊ आहे, म्हणजे २५ टक्के. माझ्या मुलीला भावंड नाही, म्हणजे शून्य. "घरातलंच कोणीतरी मिळेल" हे आजोबांच्या पिढीत बऱ्यापैकी खरं होतं, आपल्या पिढीने ते दोन मुलांवर, मग एकावर आणून खोटं केलं. त्यात काही चूक नाही, मीही तेच केलं. पण मग सातांऐवजी बाहेरचं कोणीतरी उभं राहायला हवं ना! आणि ते बाहेरचं कोणी म्हणजे आपला हा पंचविशीतला मुलगा.

बाहेरची यादी ही कल्पनाही एका आईची. शर्ली नोलन यांच्या मुलाला, अँथनीला, जन्मतः रक्ताचा दुर्मीळ आजार होता. घरात कोणी जुळेना, तेव्हा या बाईंनी १९७४ मध्ये अनोळखी दात्यांची नोंदणी सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही, १९७९ मध्ये तो गेला. नोंदणी मात्र चालू राहिली, आजही त्याच्याच नावाने चालते. आज जगभरच्या अशा याद्यांत मिळून चार कोटींहून जास्त दाते आहेत. त्यातले कोटीच्या आसपास एकट्या जर्मनीत, जिथली लोकसंख्या आपल्या महाराष्ट्रापेक्षाही कमी आहे. भारतात दात्री २००९ पासून काम करते, डीकेएमएसची भारतातली शाखा आहे, आणखीही संस्था आहेत. सगळ्यांचे मिळून दाते काही लाख. देश एकशेचाळीस कोटींचा!

"मग जर्मनीतून आणा." हेही ऐकलं. आणतात की, जुळलं तर. पण जुळत नाही हीच तर गोम आहे. या पाट्या माणसांच्या स्थलांतराप्रमाणे, साथीच्या रोगांप्रमाणे, लग्नाच्या चालीरीतींप्रमाणे गटागटाने बदलतात. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या यादीचा अभ्यास छापून आला होता. त्यात युरोपीय वंशाच्या गोऱ्या पेशंटला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, तर दक्षिण आणि मध्य अमेरिकी मुळाच्या कृष्णवर्णीयांना १६ टक्के. यादी तीच, फरक फक्त यादीत कोणाचे भाऊबंद आहेत याचा. आपल्या माणसाला जुळणारा माणूस बहुधा आपल्याच भागात, आपल्यासारख्याच घरात दडलेला असतो.

आणि इथे एक नको असलेली गोष्ट बोलायलाच हवी. आपण शतकानुशतकं जातीतच लग्नं केली. २०१६ मध्ये कल्याणीच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनएवरून काढलं की भारतातल्या कित्येक गटांत हे सुमारे ७० पिढ्यांपासून चाललंय. त्याआधी बरीच सरमिसळ होती, मग दारं बंद झाली. एचएलएला जात कळत नाही, पण बंद दारांमागे जे साठत गेलं ते त्यात उमटलेलं असतं. म्हणजे आपला भारत या बाबतीत एक देश नाही, हजारो लहान लहान बेटं आहेत. प्रत्येक बेटावरून पुरेशी माणसं यादीत आली तर त्या बेटावरच्या पेशंटला आशा. यात गंमत (कडू गंमत) अशी, की ज्यांना मुलीसाठी पोटजातसुद्धा जुळलेली लागते तेच लोक म्हणतात, दुसरा कोणीतरी मिळेल. अहो, तुमच्याच नियमाने तो दुसरा म्हणजे तुम्हीच!

आता भीतीबद्दल. ही भीती मला समजते, कारण मी यातून गेलेय. २०२२ मध्ये मलाही असाच फोन आला होता आणि तेव्हाही हीच फोनाफोनी झाली होती, फक्त मी लग्न होऊन एका मुलीची आई होते म्हणून "लग्न कसं होणार" ऐवजी "दुसरं मूल कसं होणार" असा प्रश्न होता. तर स्वानुभवाने सांगते. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. आजकाल बहुतेक वेळा पेशी रक्तातूनच घेतात. त्यासाठी चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन, ज्याने स्टेम सेल हाडांतून रक्तात उतरतात. मला तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्या चांगल्याच ठणकल्या, फ्लू झाल्यासारखं वाटत होतं, पॅरासिटामॉल घेऊन काम चालवलं. मग एका दिवशी चार-पाच तास यंत्राला जोडून बसायचं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्र त्यातल्या पेशी काढून घेतं, दुसऱ्या हातातून रक्त परत. त्या वेळात मी एक अख्खा सिनेमा आणि अर्धा झोपून संपवला. सर्वात मोठा त्रास म्हणजे नाक खाजवता येत नव्हतं :) आठवड्याभरात ऑफिसात होते.

क्वचित मॅरोच लागतो, तेव्हा भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. कमरेच्या, मणक्याच्या नाही. काही दिवस दुखतं, काही आठवड्यांत भरून येतं. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. म्हणून तर आधी दात्याची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करतात, जरा शंका आली तरी नाकारतात. पण मूल न होणं, पुढे कॅन्सर होणं, कायमचा अशक्तपणा... दात्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवूनही असं काही आढळलेलं नाही. मुंबईत लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या मुलाला आपण रोज टाटा करतो आणि इथे "जिवाला काही झालं तर" म्हणतो, हे मला झेपत नाही.

बरं, नाही म्हणायचा हक्क आहे का? आहे. शंभर टक्के आहे. सही केली म्हणजे गुलामी पत्करली असं नाही, कधीही नाही म्हणता येतं आणि कोणी जाब विचारत नाही. पण कधी म्हणता यात फार मोठा फरक पडतो. फॉर्म भरतानाच नाही म्हणालात तर कोणाचं काही बिघडत नाही. यादीत नाव ठेवून फोन आल्यावर नाही म्हणालात तर पलीकडच्या घराला सांगितलेलं असतं की जुळणारा एक आहे, मग सांगितलं जातं की तो नाही. आणि अगदी शेवटी? प्रत्यारोपणाच्या आधीचा साधारण आठवडाभर पेशंटला जबरदस्त केमो, कधी रेडिएशनही देतात, त्याचा स्वतःचा मॅरो मुद्दाम मारून टाकतात. त्या आठवड्यात दाता "आई नको म्हणते" म्हणाला, तर त्या माणसाकडे ना जुनं उरलेलं असतं ना नवं आलेलं. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. ग्रुपवर चर्चा करताना हे कोणीच बोललं नाही.

ही काही कल्पनेतली भीती नाही. नलिनी अंबाडी या मूळ केरळच्या, अमेरिकेत स्टॅनफर्डला मानसशास्त्राच्या नावाजलेल्या प्राध्यापक होत्या. ल्युकेमिया झाल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी, घरच्यांनी जगभर दाता शोधला. जुळू शकतील असे काही दाते भारतात सापडलेही, पण बोलावणं गेल्यावर त्यातले काही मागे फिरले. २०१३ मध्ये त्या गेल्या. ते दाते आले असते तर त्या वाचल्याच असत्या असं मी म्हणत नाही, या आजारात तसं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या मागे फिरलेल्यांच्या घरीही त्या रात्री कोणीतरी चांगल्या माणसाने म्हटलं असणार, दुसरा कोणीतरी मिळेल की त्यांना.

माझ्या डॉक्टर मैत्रिणीने या पोस्टचा कच्चा खर्डा वाचून एक आक्षेप घेतला, तो रास्त आहे म्हणून देते. ती म्हणाली, आता अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, आईबाप, भावंडं, मुलं कोणीही चालतं, नंतर ठरावीक दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दिलं की नवीन पेशींचा आक्रस्ताळेपणा बराच आवरतो. मग या याद्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? खरंय, आणि फार मोठी गोष्ट आहे ती. भारतात तर त्यामुळे कितीतरी लोकांना वाट मिळाली. पण सगळ्यांचे आईबाप तरुण आणि धडधाकट नसतात. काही पेशंटांच्या रक्तात नेमक्या त्या नातेवाइकाच्याच पाट्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये पूर्ण जुळणारं भावंड हाच अजूनही पहिला पर्याय आहे. देशात दर वर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, आपल्याकडे सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत जास्त. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून गरीब घरच्या अशा मुलांच्या प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते, पण तीही जुळणारं भावंड असेल तर कामाची. ज्याला नाही त्याने काय करायचं? शेवटी मैत्रीण म्हणाली, डॉक्टरच्या हातात दोन पर्याय असणं एकापेक्षा बरंच. तेवढंच मला म्हणायचं होतं.

एक राहिलंच. आपल्या घरातल्या ज्या जोडप्याने बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवायला लाखाच्या घरात पैसे भरले आणि "आमची सोय झाली, आम्हाला या याद्यांची गरज नाही" असं ग्रुपवर लिहिलं, त्यांना प्रेमाने सांगते. बाळाला जनुकीय आजार निघाला तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. लहान मुलांच्या ल्युकेमियातही डॉक्टर बहुधा त्याचंच रक्त त्याला परत देत नाहीत. आयसीएमआरने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या खासगी साठवणुकीला प्रोत्साहन दिलेलं नाही, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही नाही. आधीच एखाद्या भावंडाला आजार असेल तर गोष्ट वेगळी. बाकी जाहिरातीत गोड बाळ दाखवून आईबापांच्या भीतीवर चाललेला हा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तेच दोघं जण दहा मिनिटं काढून गालाची काडी देऊन आले असते तर फुकटात झालं असतं, आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची शक्यता त्या डबीपेक्षा नक्कीच जास्त.

आता कामाचं. अठरा ते पन्नासच्या आतले सगळे भाचे-पुतणे, ब्लॉगवाली मंडळी, तुम्ही विचार करा (वयोमर्यादा संस्थेप्रमाणे थोडी बदलते, जितके तरुण तितकं बरं). पण आधी घरी बोला. आईशी, नवऱ्याशी, बायकोशी. भांडण व्हायचं तर आत्ता होऊ दे. पटलं नाही तर नाव देऊ नका, मी एका शब्दाने विचारणार नाही. ज्यांनी आधीच दिलंय आणि आता मन बदललंय त्यांनी संस्थेला कळवून नाव काढून घ्या. फोन नंबर बदलला असेल तर तोही कळवा. दात्याचा जुना नंबर लागत नाही म्हणून शोध अडतो, हे ऐकून मी थक्क झाले होते.

आणि आपल्या ज्ञातीच्या मंडळाचा वधू-वर मेळावा जानेवारीत आहे. लग्नाच्या वयाची दोन-तीनशे तरुण मुलंमुली, एकाच बेटावरची, एकाच हॉलमध्ये, दिवसभर. याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. पत्रिकांच्या टेबलाशेजारी काड्यांचं एक टेबल लावू द्या, संस्थेची माणसं स्वतः येतील, मंडळाचा एक रुपया खर्च नाही, असं पत्र मी दीड महिन्यापूर्वी दिलं. "विषय कार्यकारिणीपुढे ठेवू" असं उत्तर आलं. कार्यकारिणीवर आपले दोन काका आहेत आणि दोघंही हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. तर काका, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय कितवा आहे, तेवढं मला रविवारपर्यंत कळवा. मी बैठकीला येणार आहे.